सोलापुरात ग्रुप एक्सरसाइजचा क्लास सुरू करताय? मग मागच्या ओळीपासून सुरुवात करा

क्लास सुरू करायचाय म्हणून कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ताई तुमची गाणी पाठवा की. दुसरा प्रश्न, फी किती ठेवू. समोर येणारी माणसं कोण असतील हा प्रश्न तिसरा-चौथा येतो, कधी येतच नाही. मी जुळे सोलापुरात सोसायटीच्या हॉलमधे एक बॅच घेते आणि पूर्व भागात एक, दोन्हीकडे बायकाच जास्त, वयं पंचवीस ते सत्तर. त्यावरनं एक गोष्ट आधीच सांगून टाकते. क्लास प्लॅन करताना डोळ्यासमोर मागच्या ओळीत भिंतीला चिकटून उभी असलेली बाई ठेवायची, जी पहिल्यांदाच आलीय, जिचा गुडघा दुखतोय आणि जिला कुणी आपल्याकडे बघू नये असं वाटतंय. पुढच्या ओळीतल्या तुमच्याशिवायही नाचतात.

आधी माणसं ओळखा

पहिल्या दिवशी व्यायाम नंतर, आधी एका पानाचा फॉर्म. त्यात विचारायचं ते एवढंच: हृदयाचा काही त्रास, चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखणं, चक्कर येणं, बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, गुडघा-कंबर-मान, गेल्या वर्षभरातलं ऑपरेशन, गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण, आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर. पण फॉर्म वाटून गोळा केला की झालं असं समजू नका. बीपी आहे का विचारलं तर अर्ध्या जणी नाही म्हणतात, कारण गोळी चालू आहे आणि बीपी नॉर्मल येतंय, म्हणजे त्यांच्या हिशोबाने बीपी नाहीच. म्हणून प्रश्न असा विचारायचा: कुठल्या गोळ्या चालू आहेत? आणि हे चारचौघात अजिबात विचारायचं नाही, बाजूला घेऊन विचारायचं, सासू शेजारी उभी असेल तर सून काही सांगणार नाही आणि सून असेल तर सासू तर नाहीच नाही.

छातीत दुखणं, चक्कर, हृदयाचा जुना त्रास, कंट्रोलमधे नसलेलं बीपी किंवा शुगर, यातलं काहीही असलं तर डॉक्टरला विचारून आल्याशिवाय घ्यायचं नाही. एक ॲडमिशन गेली तर गेली. गरोदर बायकांनाही तसंच, डॉक्टरचा होकार हवाच, आणि पहिले तीन महिने झाल्यावर पाठीवर सपाट झोपून करायचे व्यायाम त्यांना द्यायचे नाहीत, उड्या नाहीत, पोटावर दाब नाही.

आता आपल्या गावाचं म्हणून थोडं. विडी वळणाऱ्या बायका वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन, मांडी घालून, मान खाली घालून बसलेल्या असतात, त्यामुळे खांदे पुढे आलेले, मान आखडलेली, मांडीचे सांधे उघडत नाहीत, बोटं आणि मनगटं थकलेली. त्यांना पुन्हा खाली बसून पुढे वाकायचे व्यायाम देऊन काय मिळणार? त्यांना उभं राहून छाती उघडणारे, पाठीमागे हात नेणारे, कंबर मागे-बाजूला हलवणारे व्यायाम द्या. तंबाखूच्या धुळीने खोकला, धाप असणाऱ्याही असतात, त्यांचा वेग हळू वाढवायचा. यंत्रमागावर काम केलेल्या माणसांचं उलट, दिवसभर उभं राहून पोटऱ्या आणि तळपाय भरलेले, आणि मागाच्या खडखडाटाने बऱ्याच जणांना ऐकू कमी येतं, हे तर नवीन इन्स्ट्रक्टरच्या ध्यानातच येत नाही, त्याला वाटतं हा माणूस लक्ष देत नाही. बँकेतले, दुकानात गल्ल्यावर बसणारे, यांचं पुन्हा वेगळंच.

जागा आणि वेळ

एप्रिल-मेमधे आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, ४३-४४ पण बघितलाय आपण सगळ्यांनी. तेव्हा संध्याकाळी साडेपाचला गच्चीवर क्लास ठेवणारे लोक बघितले की मला कळतच नाही, ऊन उतरलं तरी स्लॅब रात्रीपर्यंत गरम वाफ सोडत असतो. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू आणि साडेसातच्या आत संपवा. शरीराला उष्म्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून मार्च संपता संपता क्लासचा जोर एकदम कमी करून हळूहळू वाढवायचा, आणि सुट्टीवरून आलेल्याला पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर पळवायचं नाही.

उघड्यावर घेणार असाल, म्हणजे पार्क स्टेडियमकडं, एखाद्या बागेत किंवा कंबर तलावाच्या बाजूला, तर आधी परवानगी विचारा आणि स्पीकरचा नियम लक्षात ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे साडेपाचची बॅच असेल तर पहिला अर्धा तास टाळ्या आणि तोंडी मोजणी. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरच्या आत तर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. खरं सांगू, टाळ्यांवर चालणारा वॉर्म-अप जास्त रंगतो.

हॉल असेल तर फरशी बघा. गुळगुळीत टाइल्स पुसल्यावर वाळल्या नसल्या तर पाय सटकणारच. घरनं चादर आणायला सांगतो आपण, सोलापुरात चादरीला काय तोटा, पण चादर फक्त झोपून करायच्या व्यायामाला, उभ्याने करताना ती गुंडाळून भिंतीला ठेवायची, टाइल्सवर चादर घसरते आणि मनगटं मोडतात. अनवाणी उड्या नकोत, चप्पल घालून तर नकोच नको, साधे बूट चालतात, महाग पाहिजेत असं काही नाही. ओढणी कमरेला बांधायची किंवा काढून ठेवायची, साडीवाल्या मावशींना साडी थोडी वर खोचायला सांगायची, लाजत असतील तर लांब उड्या आणि मोठी पावलं त्यांच्यासाठी बदलायची. किती माणसं मावतील? प्रत्येकाने दोन्ही हात पसरून गोल फिरून बघायचं, कुणाला हात लागला तर जागा कमी आहे, बॅच दोन करा.

वेळ ठरवताना नळाचा दिवस विचारा. हे हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, ज्या भागात ज्या दिवशी पाणी येतंय त्या दिवशी बायका येणार नाहीत म्हणजे नाहीत, आणि आल्या तरी मन बादल्यांकडे. त्या दिवशी सुट्टी देऊन टाका. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसातही असंच, संक्रांतीच्या आठवड्यात नवीन काही शिकवायला घेऊ नका. श्रावण, नवरात्र, रमजान, हे उपासाचे दिवस फॉर्मच्या मागे लिहून ठेवा. उपास आणि त्यात शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जोराचा व्यायाम नाही, खुर्चीवरचा हलका घ्यायचा नाहीतर बसून बघायचं.

प्लॅन कागदावर लिहा

डोक्यात आहे असं म्हणू नका, कागदावर लिहा, गाणं बंद पडलं की डोक्यातलं सगळं जातं. पन्नास मिनिटांचा क्लास असेल तर ८-१० मिनिटं वॉर्म-अप, २० मिनिटं दम लागणारा भाग, १०-१२ मिनिटं ताकदीचा, शेवटी ७-८ मिनिटं कूल-डाउन. वॉर्म-अपमधे ताणून धरून ठेवायचं नाही, हालचाल करायची: जागेवर चालणं, खांदे गोल, कंबर, घोटे, हळूहळू मोठी पावलं. ताणून २०-३० सेकंद धरायचे स्ट्रेच शेवटी, अंग गरम असताना. आणि कूल-डाउन खाऊन टाकायचा नाही! जोरात चालू असताना एकदम थांबलं की रक्त पायात राहतं आणि चक्कर येऊ शकते, त्यामुळे उशीर झाला तरी मधला एक भाग गाळा, शेवटचा नको.

प्रत्येक व्यायामाचे तीन प्रकार लिहायचे, हे या सगळ्यातलं मुख्य काम आहे. उदाहरणार्थ उठाबशा. सोपा प्रकार, खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. मधला, खुर्ची नाही पण अर्ध्यावरच थांबायचं, टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, आत पडू द्यायचे नाहीत. अवघड, पूर्ण खाली किंवा वर येताना उडी. पुश-अपचं तसंच, भिंतीला, मग टेबलाला किंवा ओट्याला, मग जमिनीवर. आता यातला कुठला प्रकार तुम्ही स्वतः करून दाखवायचा? नव्या इन्स्ट्रक्टरचा हात आपोआप अवघडकडे जातो, आपल्याला येतंय ना, दाखवायला बरं वाटतं. मी म्हणते सोपा करा. ज्यांना अवघड जमतंय त्या तोंडी सांगितलं तरी करतात, पण मागच्या ओळीतली बाई तुम्ही जे करताय तेच करायला बघते, आणि तुम्ही उडी मारली की तीही मारते, गुडघ्यासकट. प्रकारांना सोपा-अवघड अशी नावंही देऊ नका, खुर्चीचा, उभ्याचा, उडीचा म्हणा, कुणाला कमीपणा नको.

स्टेप्स शिकवायच्या तर आठ-आठच्या मोजणीत. पहिली आठची स्टेप पक्की, मग दुसरी पक्की, मग दोन्ही जोडून, मग तिसरी. चार तुकडे झाले की ३२ मोजण्यांचं एक कडवं होतं आणि बहुतेक गाणी त्यात बसतात. एका दिवशी एवढंच पुरे. रोज नवीन शिकवायचा हव्यास सोडा, तोच क्लास तीन-चार आठवडे चालवा, लोकांना येत असलेलं करायला आवडतं, बोअर तुम्हीच होता. वाढवायचं असेल तेव्हा एकच गोष्ट वाढवा, एकतर वेग नाहीतर वेळ नाहीतर वजन. डंबेल्स नसतील तर पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो.

आणि लेझीम! शाळेत, गणपतीत, जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम धरली नाही असा माणूस सोलापुरात शोधावा लागेल. त्याची मोजणी अंगात बसलेलीच असते, शिकवायला वेळ जात नाही, हात-पाय-दम सगळं होतं, आणि पासष्ट वर्षांच्या अक्काही एकदम पुढे येतात. फक्त खाली बसून करायचे हात गुडघेदुखीवाल्यांसाठी उभ्यानेच ठेवा.

आठवड्याचा हिशोब: जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, पासष्टच्या पुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीनदा. म्हणजे पन्नास मिनिटांचे तीन क्लास धरले तरी खालच्या आकड्याला आपण पोचतो, रोज बोलवून थकवायची गरज नाही.

क्लास घेताना

लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, आरशाकडे नाही. तोंड करून उभं राहिलं की त्यांचा उजवा म्हणजे तुमचा डावा, तोंडाने "उजवा" म्हणायचं आणि स्वतः डावा हलवायचा. सुरुवातीला गोंधळ होतो, घरी सराव करा. पुढची स्टेप चार मोजण्या आधी सांगायची, स्टेप सुरू झाल्यावर सांगितलं तर अर्धी ओळ इकडे आणि अर्धी तिकडे जाते. सांगताना हातानेही दाखवा, चार बोटं म्हणजे चार वेळा, हात फिरवला म्हणजे वळा, तळहात खाली म्हणजे हळू. खुणा ठरल्या की गाण्यावर ओरडावं लागत नाही, कमी ऐकू येणाऱ्याचंही भागतं, आणि भाषेचाही प्रश्न उरत नाही. तरी पूर्व भागात मी ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू असं तेलुगूत मोजते, कधी ओंदु, एरडु, मूरु, नालकु असं कन्नडमधे, उच्चार चुकला की सगळ्या हसतात आणि हसताना श्वास आपोआप सुटतो.

श्वासाचंच बोलायचं तर, जोर लावताना श्वास कोंडून धरला की बीपी एकदम वर जातं. जोर लावताना सोडायचा, परत येताना घ्यायचा. नुसतं सांगून होत नाही म्हणून मी मोजणी त्यांच्याकडनंच मोठ्याने करून घेते, मोजणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही.

दम किती लागलाय हे कसं कळायचं? बोलून बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम म्हणजे मध्यम, बहुतेकांना एवढाच पाहिजे. दोन शब्दांवर अडखळत असेल तर जोर जास्त झालाय. शून्य ते दहात किती दमलात असं विचारायचं, पाच-सहा आलं तर बरोबर, नवीन माणूस चारवर असला तरी चालतंय. २२० वजा वय म्हणजे जास्तीत जास्त नाडी, हे गणित सगळ्यांना पाठ असतं पण तो ढोबळ अंदाज आहे, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, अशा बाईच्या घड्याळातली नाडी बघून तुम्ही "अजून जोरात" म्हणाल आणि ती पडेल.

सगळा वेळ पुढे उभं राहू नका. एकदा स्टेप बसली की चालत मागे जा. मधेच सगळ्यांना पाठ फिरवायला सांगा, मागची ओळ पुढची होते, पुढच्या ओळीतल्या मालकिणी जरा नाराज होतात, होऊ द्या. मागे गेल्यावर बघायचं ते चेहरा आधी, मग पावलं. चेहरा पांढरा पडलाय का, ओठ आवळलेत का, घाम एवढा की डोळे मिटतायत, पाऊल वाकडं पडतंय, जांभया येतायत. एखादीचं चुकत असेल तर आधी नाव न घेता सगळ्यांना सांगा, मग जवळ जा, आणि हात लावायच्या आधी विचारा. "असं काय करताय मावशी" हे माइकवर म्हटलं की ती मावशी परत येत नाही.

पाण्याला दर १५ मिनिटांनी ब्रेक, उन्हाळ्यात त्याआधीच. तहान लागली तर प्या असं नाही म्हणायचं, सगळ्यांनी दोन-चार घोट घ्यायचेच, कारण बायका बाटली आणतात आणि उघडत नाहीत.

काही झालं तर

फर्स्ट एड आणि सीपीआर शिकून घ्या, रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचे कोर्स असतात, वाचून ते हाताला बसत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८, हॉलचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहून ठेवा, गडबडीत स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. गेटची किल्ली कुणाकडे, फोन कोण करणार, रस्त्यावर कोण उभं राहणार, ही नावं आधीच ठरवा.

शुगरवाल्या बाईला एकदम थरथर, घाम, चिडचिड, गोंधळल्यासारखं झालं तर शुद्धीत असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत बघायचं, फरक नसेल तर पुन्हा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. उन्हाने डोकं दुखणं, मळमळ, गोळे येणं झालं तर सावलीत झोपवा, पाय वर, ओली फडकी, ओआरएस. पण ती असंबद्ध बोलायला लागली किंवा अंग तापून शुद्ध हरपतेय तर तो उष्माघात, तिथे लिंबू-पाणी शोधत बसू नका, १०८ ला फोन आणि तोवर अंगावर पाणी ओतून वारा घालणं चालूच. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, याला "गॅस झाला असेल" म्हणायची आपल्याकडे फार सवय आहे, क्लासमधे ती चालणार नाही. कुणी कोसळलं, प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, दमलात की दुसऱ्याने घ्यायचं.

आता गाणी

वॉर्म-अपला मिनिटाला १२० च्या आसपास ठोके, मुख्य भागाला १३० ते १४५, मोठ्या वयाची बॅच असेल तर १२५ च्या वर जायची गरज नाही, फोनवर ठोके मोजणारी ॲप मिळतात. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं मिसळा, प्रत्येकीला आठवड्यातून एक गाणं सुचवायचा हक्क द्या, तिचं गाणं लागलं की ती त्या दिवशी सुट्टी घेत नाही. आवाज एवढाच की तुमचं साधं बोलणं शेवटच्या ओळीला कळावं. फी घेऊन क्लास चालवणार असाल तर रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायचं लायसन्स लागतं, ते देणाऱ्या पीपीएल आणि आयपीआरएस या संस्थांकडे चौकशी करा.

फीचं मी काय सांगू, भागाप्रमाणे ठेवा, पण फुकट ठेवू नका, फुकटला लोक येतात आणि पाऊस पडला की येत नाहीत.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी ठरवलेल्याच्या निम्मंच घ्या. नवीन माणसाचं अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, आणि हे आधी सांगितलं नाही तर तिला वाटतं काहीतरी बिघडलं, घरचेही म्हणतात कशाला गेलीस. म्हणून जाताना सांगायचं, मांड्या, पोटऱ्या दोन-तीन दिवस भरून येतील, ते चालतंय, हळूहळू चाला, पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, सूज आली किंवा एकाच बाजूला कळ येत असेल तर फोन करायचा. क्लास सुटल्यावर समोरच्या गाड्यावर वडापाव खायला जो घोळका जमतो त्याला मी काही बोलत नाही, तिथेच ओळखी होतात, फक्त शुगरवाल्यांना घरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरी हे हळूच सांगते.

दोन दिवस कुणी आलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन करा, ग्रुपवर मेसेज नाही, फोन. का आला नाहीत असं विचारू नका, गुडघा कसाय विचारा, आणि ती जे सांगेल ते फॉर्मच्या मागे लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिच्यासाठी खुर्ची आधीच मांडलेली असू दे.